आजचा रंग

ग्रीन बे, विस्कॉन्सिन. कोर्टाचा तळमजला, खोली नऊ.
रोज संध्याकाळी पावणेपाचला
मी दार लावून घेते,
हीटरची घरघर बंद करते,
घसा खाकरून यंत्रात बोलते :
आजचा रंग, करडा.
(आज म्हणजे उद्या. पहाटे पाचला
यंत्र आपणहून कालचं पुसतं आणि हे लावतं.)

माजी सैनिकांच्या कोर्टात ज्यांची नावं आहेत
त्यांनी पाचनंतर फोन करायचा.
ज्याचा रंग निघाला
त्यानं नवाच्या आत माझ्यासमोर उभं राहायचं,
बाटली घ्यायची.
पडद्यामागे ऑर्व्हिल उभा असतो
छताकडे बघत, दोघांचीही लाज राखत.

वेंडेल स्केनॅन्डोर म्हणजे करडा.
फाइलीत दोनदा कंदाहार, एकदा तुरुंग.
गोळ्या आधी पाठीसाठी,
मग झोपेसाठी,
मग गोळ्यांसाठीच.
आणि पेट्रोलपंपाची एक काच
जी त्याला आठवत नाही.
हाताला आठवते.

गुरुवारी न्यायाधीश डेल्व्हो विचारतात : झोप?
तो म्हणतो : येते, मॅडम.
शेजारी नॉर्बर्ट बसलेला असतो, जुन्या युद्धातला,
याला सांभाळायला दिलेला.
बहिरा कान तो न्यायाधीशांकडे ठेवतो,
चांगला वेंडेलकडे.

जानेवारीत फोन कंपनीची यादी आली.
एकच नंबर : दोन दहा, दोन चौदा,
दोन एकतीस, तीन, तीन पाच...
एका रात्रीत एकेचाळीस.
मी बोट ठेवून मोजले, पुन्हा मोजले.
रात्री दोनला तर यंत्र कालचाच रंग सांगतं.
कालचा रंग ऐकायला कोण फोन करतं?

लेबल चिकटवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं :
लाइन बिघडलीय का?
तो बाटलीकडे बघत राहिला.
नाही, म्हणाला, लाइन चांगली आहे.
त्या वेळेला दुसरं कुणी उचलत नाही.

मी वर कुणाला कळवलं नाही.
संध्याकाळी रंग सांगितला, आणि तोंडातून निघून गेलं :
बंदरापाशी बर्फ चौदा इंच.
दुसऱ्या दिवशी : कागद गिरणीवरून गेले आज, धूर सरळ वर जात होता.
मोठ्या कारकूनबाईंनी बोलावून घेतलं.
रंग सांगायचा, लोरेटा. रंगच.
बरं, म्हटलं.
आणि मग : कोळशाच्या ढिगावर घुबड बसलंय, पांढरं.

फेब्रुवारीत त्याच्या पट्टीवर रेघ उमटायला हवी होती,
ती उमटली नाही.
मी ऑर्व्हिलला दाखवली. ऑर्व्हिलनं छताकडे बघितलं.
सही मला करायची होती. केली.
गुरुवारी डेल्व्हो म्हणाल्या : दोन रात्री आत,
मग थेट दवाखान्यात, बेड मी स्वतः मागून घेतलाय.
आवाज चढवला नाही.
बेलिफनं बेड्या काढल्या तेव्हा नॉर्बर्ट
वेंडेलचे हातमोजे धरून उभा होता,
आतून उलटे झालेले, तो एकेक बोट सरळ करत होता.

त्या दोन रात्रींच्या यादीत काही नाही.
दवाखान्याच्या एकोणतीस रात्रींतही नाही.
कोरा कागद मी एवढा नीट
कधी वाचला नव्हता.
बर्फाचं मी सांगत राहिले.
बारा इंच. नऊ. आता चालू नका त्यावर.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार,
मेलेल्या सैनिकांची सुट्टी. लॅब बंद.
आदल्या शुक्रवारी यंत्रासमोर बसले तर
सांगायला रंग नव्हता.
आज कुणाचाच रंग नाही, म्हटलं.
खाडी मोकळी झालीय. बोटी सुटल्यात.
फोन केलात, बरं केलंत.

जूनमध्ये यादी आली.
सोमवारची रात्र : दोन दहा.
एकच फोन.
माझं बोलणं जेमतेम वीस सेकंदांचं.
तो लाइनवर चार मिनिटं होता.